स्वभावाला औषध आहे

मराठी घरात कुठल्याही गुन्ह्याला कायमचा जामीन मिळतो तो एका वाक्यावर: "स्वभाव आहे त्यांचा." ताट आपटलं, स्वभाव. व्याह्यांना तोंडावर बोललं, स्वभाव. भाचीच्या लग्नात रुसून मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसलं, तोही स्वभाव. वर "घराण्यातच आहे ते" हे शेपूट. आमचं घराणं मूळ परभणीकडचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नोकरी म्हणजे हैदराबाद, कॉलेज म्हणजे हैदराबाद आणि भाऊबंदकी फार वाढली तर कोर्ट म्हणजेही हैदराबाद. तेव्हा आलेली कुटुंबं काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या पट्ट्यात बसली, मुलं १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनीत घातली आणि १९५६ मध्ये मराठवाडाच राज्य सोडून निघून गेला तरी जागची हलली नाहीत. पणजोबांनी परभणीहून येताना पितळी डबे, देवीचा टाक आणि तापटपणा एवढंच आणलं होतं. डबे मोडीत गेले, टाक मोठ्या काकांकडे आहे आणि तापटपणाची वाटणी मात्र कोर्टात न जाता सगळ्यांना सारखी झाली, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

माझं म्हणणं असं की यातला निम्मा तापटपणा पणजोबांचा नाही. कालच्या रात्रीचा आहे.

हे मी परभणीत बसून म्हटलं असतं तर कुणी ऐकून घेतलं नसतं. हैदराबादेत पुरावा रस्त्यावर पडलेला आहे. या शहराचं आणि झोपेचं भांडण नाही, फक्त दोघं एका वेळी घरी सापडत नाहीत. सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान सकाळी अकराच्या आत उघडलेलं दिसलं तर आत चोर शिरलाय का म्हणून शेजारचा डोकावून जाईल. वेळेवर होणारी गोष्ट या शहरात एकच आहे, सालारजंग म्युझियममधलं संगीत घड्याळ. तास भरला की त्यातला दाढीवाला चिमुकला माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. ते बघायला समोर बाकं आहेत आणि बाकांवर माणसं चक्क वेळेआधी येऊन बसलेली असतात. दुपारी बाराला तर उभं राहायला जागा मिळत नाही. वेळेवर येणारा हैदराबादी कसा दिसतो हे बघायला गर्दी व्हायचीच.

लग्नाची पत्रिका हा वेगळा विषय. तिच्यावर रात्री आठ छापलेलं असतं. मराठी माणूस पावणेआठला पोचतो. हॉलमध्ये त्या वेळी शिडी, शिडीवर दिव्यांच्या माळा लावणारा पोरगा आणि आपण. साडेनऊला मुलीकडची मंडळी येतात आणि आपल्याला केटरिंगवाले समजून पाणी मागतात. आपणही भिडेपोटी देतो. अकराला वरात "बस, निकल गई" अशी बातमी येते, म्हणजे नवरदेव आंघोळीला गेला. साडेअकराला मर्फा ऐकू येऊ लागतो. अरब आणि हबशी शिपाई निजामाच्या नोकरीत आले, त्यांनी सोबत आणलेलं हे वादन. ते कानांनी ऐकायचं नसतं, बरगड्यांनी ऐकायचं असतं. जेवण साडेबाराला. बिर्याणी, मिर्ची का सालन, खुबानी का मीठा, आणि निघताना इराणी चहा, कारण गाडी चालवायची आहे. अडीचला घर. सहाला दूधवाला. साडेसातला पोह्यांत मोहरी जास्त का पडली यावरून जे महाभारत होतं, त्याचं खापर बिचाऱ्या पणजोबांवर.

रमझानमध्ये चारमिनारच्या आसपास रात्री दोनला जेवढी माणसं असतात तेवढी दुपारी दोनला नसतात. गणपती आणि बोनालूच्या दिवसांत आवाज आपल्या बाजूचा असतो, म्हणून तो गोड लागतो एवढंच. लाउडस्पीकरच्या बाबतीत या शहरातला सर्वधर्मसमभाव घटनाकारांना अभिमान वाटावा असा आहे. कायदा नाही असंही नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद आणि वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ४५ डेसिबलमध्ये आमच्या काकू साखर संपल्याचंसुद्धा सांगू शकत नाहीत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलीस चालून गेले त्या प्रकरणात, न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं लिहून ठेवलं. हे मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी काकांकडे बोट करून विचारलं, "ह्यांच्यावर केस करता येती का?"

काकांकडे येतोच. आधी नवं शहर.

जुन्या शहरात जागरण हौसेने व्हायचं, नव्या शहराने त्याला पगार सुरू केला. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर पुण्या-नागपूरची, लातूर-नांदेडची पोरं गाड्या भरभरून येत राहिली. कोंडापूर, मियापूर, कुकटपल्लीत ती राहतात, म्हणजे त्यांच्या बॅगा राहतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे ढकलतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे ओढतात आणि इकडे मियापूरच्या तिसऱ्या मजल्यावर कुकर त्याप्रमाणे सरकतो. आमच्या शेजारच्या सूनबाई तुळशीच्या लग्नाची तिथी दरवर्षी कॅलेंडरात बघतात, अमेरिकेचं घड्याळ त्यांना तोंडपाठ आहे. नवरा रात्रपाळीला, त्या दिवसपाळीला. दोघांची भेट जिन्यात होते आणि ती बहुतेक वेळा भांडणाची असते, कारण जिन्यात दुसरं काय करणार?

तर असा रात्रभर जागलेला नवरा सकाळी दार उघडून आत येतो. बायको सहज विचारते, "चहा टाकू का?" यात आरोप कुठे आहे ते तुम्ही शोधून दाखवा. त्याला सापडतो. "टाकू का म्हणजे? रोज टाकतेस ना? आज काय विशेष?" बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे प्रयोगात धरलं. जागरण झालेल्या तरुणांना निरनिराळे चेहरे दाखवले, काही प्रेमळ, काही धमकावणारे, काही मधलेच. रात्रभर झोपलेल्यांना फरक कळला. जागलेल्यांना प्रेमळ आणि धमकीचा चेहरा नीट वेगळे करता आले नाहीत आणि साध्या चेहऱ्यातही धोका दिसला. त्याच मंडळींपैकी मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याआधीचं कोडं सोडवलं होतं. सुमारे पस्तीस तास जागं ठेवलेल्या माणसांना नकोशी चित्रं दाखवली तेव्हा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भीती-रागाचा खातेदार झोपलेल्या लोकांच्या तुलनेत ६० टक्के जास्त खवळला. शिवाय त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग त्याच्याशी नीट बोलेनासा झाला. घरातलं समजूतदार माणूस गावाला गेलं की बाकीच्यांचं जसं होतं तसं. आता ही साठ टक्क्यांची वाढ आपल्याकडे कुणाच्या नावावर चढते? "लग्नाआधी असा नव्हता हो" या सदरात बायकोच्या नावावर.

घड्याळ सरकवण्यावरून आणखी एक गोष्ट निघाली, ती आमच्या गणेशोत्सव समितीने फ्रेम करून लावावी अशी आहे. अमेरिकेत २००१ ते २०१६ या काळातल्या तीस लाखांहून जास्त देणग्यांचा हिशोब तपासला तर मार्चमध्ये लोकांची तासभर झोप गेली की त्या दिवसांत देणगी सुमारे १० टक्क्यांनी घसरते, आणि जिथे घड्याळ बदलत नाहीत तिथे घसरत नाही. २०२२ मध्ये हे छापून आलं. म्हणजे झोप मोडलेला माणूस नुसता चिडका होत नाही, चिक्कूही होतो. आमचे वर्गणीवाले कार्यकर्ते रविवारी सकाळी आठला बेल वाजवतात आणि मग "मराठी माणसाचं मन मोठं राहिलं नाही" म्हणून हळहळतात. अहो, मन आहे तेवढंच आहे, अकरा वाजता या.

पण चिडणं आणि चिक्कूपणा हा दिवसाचा भाग झाला. खरी मौज, मौज म्हणायला हरकत नसेल तर, पहाटे तीनला असते. त्या वेळी डोळा उघडलेल्या माणसाच्या डोक्यात जे कोर्ट बसतं तिथे आरोपी, वकील आणि न्यायाधीश तिन्ही आपणच, आणि आरोपीच्या बाजूने मात्र कुणी बोलत नाही. दहावीच्या तोंडी परीक्षेत दिलेलं उत्तर. साहेब परवा "बघू" म्हणाले, त्या "बघू"चा सूर. फ्लॅटचा हप्ता अजून किती वर्षं, आणि तोपर्यंत फ्लॅट उभा असेल का? छातीत हे काय टोचलं? गॅस बंद केला होता का? हेच प्रश्न सकाळी दहाला विचारले तर हसू येईल, पण सकाळी दहाला कुणाला वेळ असतो? अशा वेळी पुष्कळ लोक मोबाइल हातात घेतात. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर पार्किंगविषयीचे सगळे ऐतिहासिक संदेश रात्री दीड ते साडेतीनमधले आहेत, आणि "काही लोकांना संस्कारच नाहीत" हे वाक्य कुणीही अजून सूर्य उगवल्यावर लिहिलेलं नाही. ज्यांना खरोखरच जड वाटतं त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये टेलि-मानस सुरू केलं आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही आणि तेलुगूतही. पहाटे तीनला मेव्हण्याला फोन करण्यापेक्षा ते बरं. मेव्हणा मदत करत नाही आणि पुढची दहा वर्षं आठवण मात्र काढतो.

हैदराबादेत पहाटे तीनला जागं राहायला आणखी एक कारण लागतं, ते म्हणजे पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात बोअर आटली की टँकरवाल्याची मनधरणी सुरू होते. तो संध्याकाळी येणार असतो आणि रात्री येतो. दर वीस मिनिटांनी फोन केला की पलीकडून तितक्याच शांतपणे "वस्तुन्ना अम्मा, वस्तुन्ना", म्हणजे येतोय. हे फोन करण्याचं काम आमच्या इमारतीने एकमताने काकूंकडे दिलेलं होतं. कारण उघड आहे. काकूंचा आवाज ऐकून टँकर रस्ता चुकून दुसऱ्याच्या गेटवर गेल्याचं एकही उदाहरण नाही.

तर काका आणि काकू. आमच्याच इमारतीत दोन मजले वर. काका निवृत्त, शांत, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळे म्हणतात, देवमाणूस. काकू तापट, सगळे म्हणतात, काकांनी कसं निभावलं असेल? काका घोरतात. हे "घोरतात" फार सभ्य झालं. काचीगुडा स्टेशनजवळच्या जुन्या घरात असताना मालगाडी गेली तर पाहुणे म्हणायचे, "झोप लागली वाटतं त्यांना." घोरण्याच्या मध्येच एकदम शांतता व्हायची, श्वास अडकल्यासारखी, मग मोठा आचका आणि गाडी पुढे. त्या शांततेत काकू उठून बसायच्या. आवाज असला तर झोप नाही, आवाज थांबला तर काळजीने झोप नाही, असा हा संसार. रात्रीत कितीदा उठल्या ते त्यांनी मोजलं नाही, आणि काकांना सकाळी विचारावं तर ते ताजेतवाने: "छे, मी कुठे घोरतो? झोप मात्र मला छान लागते हं. बसल्या जागी लागते." आणि खरंच लागायची. इसामिया बाजारात साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला अध्यक्ष बोलायला उभे राहिले की काकांची मान खाली. हा त्यांचा रसिकपणा आहे असं अध्यक्षांना वाटायचं.

काकू भजनी मंडळात दासबोध वाचतात. अठराव्या दशकातला नववा समास निद्रेवर आहे. जांभया, घोरणं, दचकून उठल्यावर माणसाची होणारी फजिती, समर्थांनी काही सोडलेलं नाही. काकूंचं मत की समर्थ काकांना भेटले असणार. लगेच पुढचा समास वाईट श्रोत्यांच्या लक्षणांवर आहे. क्रम विचारपूर्वक लावलेला दिसतो.

मग एका आषाढात काकू चिडायच्या थांबल्या. पहिला आठवडा आम्ही देवाचे आभार मानले. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की त्या चिडत नाहीत कारण त्या काहीच करत नाहीत. भजनाला जाणं बंद. पुरणपोळीचा विषय बंद. टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत लेक आईला भेटते तिथे डोळ्याला पदर. "काय झालं काकू?" तर "काई नाही रे बाबा, कशात मनच लागत नाही बघ." टँकरवाल्याला फोन लावून दिला तर म्हणाल्या, "येईल त्याच्या सवडीनं. बिचारा." त्या "बिचारा"ने आम्ही हादरलो.

अशा वेळी मराठी कुटुंब ठरलेल्या वाटेने जातं. आधी दृष्ट काढली. मग पलंगाची दिशा बदलली. मग घरगुती उपाय: दुधात जायफळ, खसखशीची खीर, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीने झोपेला शरीराचा खांब म्हटलं आहे, सुख-दुःख, पुष्टी-कृशता सगळी तिच्यावर टांगलेली आहे असंही सांगितलं आहे आणि झोप आणणाऱ्या पदार्थांत पहिला नंबर म्हशीच्या दुधाला दिला आहे. म्हशीचं दूध झालं. चारमिनारसमोरच्या निजामिया युनानी दवाखान्याच्या बाजूने जाऊन एकाने डोक्याला लावायचं रोगन लुबूब सबा आणलं. त्याने काकूंच्या उशीला सात प्रकारच्या गिरीचा वास लागला आणि काका म्हणाले, फार छान झोप लागली. डोकं काकूंचं, झोप काकांची.

सगळ्यात शेवटी डॉक्टर, तेही मनाचे. इथे पुन्हा अडचण. हैदराबादेत एर्रागड्डा हे नुसतं वस्तीचं नाव राहिलेलं नाही. तिथलं मनोरुग्णालय १९५३ मध्ये आलं ते आपल्या जालन्याहून, निजामाच्या राज्यात ते आधी तिकडे होतं. तेव्हा मराठवाड्याच्या माणसाने या संस्थेला परकं मानायचं खरं तर कारण नाही. पण मियापूरहून निघालेल्या मेट्रोत "पुढील स्थानक एर्रागड्डा" असं ऐकू आलं की आजूबाजूचे दोन मित्र एकमेकांना कोपराने ढोसतातच. काकूंना कुणी बघू नये म्हणून आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा दवाखाना शोधला. मेट्रोने इतकं लांब गेलो की बाहेर वेगळी भाषा सुरू होईल असं वाटलं. वेटिंग रूममध्ये आमच्याच मंडळाचे सचिव बसलेले होते. त्यांनी पटकन पेपर वर केला. तो तेलुगू पेपर होता आणि त्यांना तेलुगू वाचता येत नाही. "मी आपला... एसीत बसायला आलो," असं म्हणाले. आम्ही म्हणालो, "आम्हीपण." नंतर सगळ्यांनी मिळून समोसे खाल्ले.

डॉक्टरबाईंनी काकूंना पहिलाच प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?"

काकू म्हणाल्या, "माझी?"

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी इचारलंच नाही बघा."

इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी काकूंच्या रागाचा अभ्यास केला, त्यावर विनोद केले, मुलांना त्यांच्या नकला शिकवल्या. रात्री काय होतं ते विचारलं नव्हतं. निद्रानाश असलेल्या, पण तोवर नैराश्य नसलेल्या लोकांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट असते, हे २०११ मध्ये एकवीस अभ्यासांचा मेळ घालून दाखवलेलं आहे. उलट दिशेनेही गाडी चालते. मन खचलं की झोप जाते. कोणी कोणाला आधी धक्का दिला हे ठरवत बसण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पूर्वी झोपेला मानसिक आजाराची शेपटी समजत आणि आजार बरा झाला की ती आपोआप सुधारेल म्हणत. २०१७ मध्ये डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर उलटी चाल करून पाहिली: झोप न येणाऱ्यांची आधी झोपच सुधारली, आणि संशय, भास, नैराश्य, चिंता सगळंच थोडं थोडं खाली आलं. म्हणजे सगळं दुखणं झोपेने जातं असं नाही. ज्यांना गोळ्या लागतात त्यांना लागतात. काकूंनाही काही महिने लागल्या, आणि त्या त्यांनी बीपीच्या गोळ्यांच्या डबीत, बीपीच्या गोळ्यांइतक्याच निर्लज्जपणे ठेवल्या. पण दार उघडायला झोपेची किल्ली लवकर हाती लागते.

पथ्यं मात्र हैदराबादला न झेपणारी होती. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, आदल्या रात्री लग्न असलं तरी. दुपारी दोननंतर चहा नाही. हे ऐकून सोबत आलेला माझा चुलतभाऊ उभाच राहिला. दोननंतर इराणी चहा नाही म्हणजे मग माणसं एकमेकांशी बोलणार कशी? डॉक्टरबाईंनी सांगितलं की पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास घेतं; मेंदूत दिवसभर साठत जाणाऱ्या झोपेच्या निरोपाला ते दारात अडवून धरतं. तिसरं, झोप आली नाही तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून बाहेर बसायचं; पलंग फक्त झोपेसाठी. काकूंच्या पलंगावर तांदूळ निवडले जात, एलआयसीची कागदपत्रं पसरत, घड्या घातलेले कपडे राहत, आणि कोपऱ्यात जागा उरली तर काकू. सगळं काढलं तेव्हा पलंगाचा रंग कळला. चौथं पथ्य गंमतशीर होतं: झोप येत नाही म्हणून धडपडायचं नाही, उलट डोळे उघडे ठेवून जागं राहायचाच प्रयत्न करायचा. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोवैद्याने हा उलटा उतारा रूढ केला. काकूंनी पहिल्याच रात्री केला. "जागं राहायचंच ठरवलं रे, अन् मेलं तेबी जमलं नाही."

आणि शेवटी डॉक्टरबाईंनी काकांकडे बघितलं. काका खुर्चीत बसल्या जागी रसिक झाले होते.

एका रात्रीची तपासणी झाली. डोक्याला, छातीला वायरी लावलेले काका फारच महत्त्वाचे दिसत होते. तासाला श्वास कितीदा अडतो हे त्यात मोजतात. तीसच्या वर गेलं की तीव्र धरतात. काकांचा आकडा बघून तंत्रज्ञाने मशीन बिघडलंय का म्हणून दुसरं लावलं. हा स्लीप अ‍ॅप्निया. यातला माणूस आपण झोपलो असं समजतो, पण मेंदू रात्रभर पहाऱ्यावर असतो. दिवसा डुलक्या, विसरभोळेपणा, उदासी, रक्तदाब, सगळं त्याच खात्यातलं. म्हणजे ज्याला आम्ही शांत, देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणत होतो, तो खरं तर अर्धवट जागा होता. कुणाच्या अध्यात-मध्यात पडायला आधी जाग यावी लागते!

काकांना सीपॅप मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा झोत, घशाची वाट उघडी. पहिल्या रात्री नातू त्यांना बघून पळाला. दुसऱ्या रात्री काकू मध्येच उठून बसल्या, कारण आवाजच नव्हता. महिन्याभरात काय झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. काकांना मतं फुटली. भाजीत मीठ कमी आहे, सरकारचं चुकतंय, अध्यक्षांचं भाषण लांबतंय आणि त्यातला संदर्भ चुकीचा आहे, हे ते सभेत उभं राहून बोलले. आता सगळे म्हणतात, वयाने स्वभाव बदलतो हो माणसाचा. आणि काकू? काकू हसतात. भजनाला जातात, पुरणपोळ्या सुरू झाल्या, सुनेला "राहू दे, मी करते" म्हणतात आणि त्यात काही गर्भित नसतं, म्हणून सून आठवडाभर घाबरलेली होती.

अडचण इमारतीची झाली. एप्रिल आला, बोअर आटली. काकूंनी टँकरवाल्याला एकदा फोन केला, "भैया, आरामसे आओ" म्हणाल्या आणि साडेदहाला झोपल्या. टँकर तिसऱ्या दिवशी आला. इमारतीच्या समितीने दुसऱ्या दोघांना हे काम देऊन पाहिलं. एकाला टँकरवाल्याने उलट झापलं, दुसऱ्याने त्याला पैसे आगाऊ दिले. काकांना सांगून बघितलं, पण ते टँकरवाल्याशी पाण्याच्या राष्ट्रीय धोरणावर चर्चा करू लागले.

वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी समितीचे तिघेजण काकूंकडे आले. अकरा वाजता आले, हे कौतुकास्पद. चहा झाला, काकूंनी घेतला नाही. बिल्डरकडून लिफ्टचे पैसे वसूल करायचे आहेत, बिल्डर स्वतः सभेला येणार आहे, अशी प्रस्तावना झाली. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, एक विनंती होती. शनिवारी रात्री, एकच रात्र... साहेबांचं मशीन बंद ठेवता येईल का?"

काकूंनी विचार केला. "एका रात्रीनं नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "बिल्डर मोठा आहे. बुधवारपासून ठेवावं लागेल."